माडावरची पांढरी माशी



कोंकणांतील माड काळे पडत चालले आहेत, अशी तक्रार गेलीं कांहीं वर्षें आमच्या भागांत वारंवार ऐकूं येते. मे महिन्यांत किंवा गणपतीस गांवीं येणारे मुंबई-पुण्याचे चाकरमानी परसांत जाऊन वर पाहतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "हा माड मेला काय?" पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "याच्यावर औषध कोणतें मारावें?" आजच्या भाषणांत या दोन प्रश्नांचीं उत्तरें द्यावयाचीं आहेत. पहिल्याचें उत्तर सोपें आहे. माड मेलेला नाहीं, आणि या एका कारणानें तो सहसा मरतही नाहीं. दुसऱ्याचें उत्तर ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. कारण तें "विषारी औषध कोणतेंच मारूं नका" असें आहे. मी कांहीं शास्त्रज्ञ नव्हे, मॅट्रिकपर्यंत शिकलेला सेवानिवृत्त शाळामास्तर आहें. परंतु हातांत एक साधें भिंग असलें तर जें कोणासही पाहतां येईल, तेवढ्याच्याच आधारानें या उत्तराचें कारण बरेंचसें उलगडतां येतें.

प्रथम त्या काळेपणाचेंच पाहूं. ज्या माडावर ही कीड पडते, त्याच्या खालच्या जून झावळ्यांवर वरच्या बाजूस काजळी धरल्यासारखा थर दिसतो. बोट फिरविलें तर तें काळें होतें. माडाखालीं केळ, कर्दळ, पेरू, जें काय असेल त्याचींही पानें काळीं होतात. इतकेंच नव्हे, तर पायऱ्यांवर, कौलांवर आणि सांवलींत उभ्या केलेल्या मोटारीवरही चिकट डाग पडतात. मनुष्याची दृष्टि साहजिकच या काळ्या थराकडे जाते. पण खरा चोर तेथें नाहीं. तीच पात उलटी करून पाहावी, म्हणजे खालच्या अंगास पांढरें, मेणकट, कापसासारखें कांहींतरी चिकटलेलें आढळतें, आणि त्यांत लहान लहान पांढऱ्या माशा स्वस्थ बसलेल्या दिसतात.

हिला माशी म्हणण्याची चाल पडली आहे, परंतु शास्त्राच्या दृष्टीनें ही माशी नव्हे. घरांतील माशीस दोन पंख असतात, हिला चार. आणि हिचें तोंड पानांत टोंचून रस ओढण्यासाठीं बनलेलें असतें. मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण हे हिचे सगेसोयरे. शेतकी खात्याच्या पत्रकांतून हिला "रुगोज चक्राकार पांढरी माशी" असें म्हणतात. नांव लांबलचक असलें तरी अर्थहीन नाहीं. मादी पानाच्या पाठीवर अंडीं घालतांना गोल गोल फिरत जाते. त्यामुळें अंड्यांची रांग जिलबीच्या वेढ्यासारखी उमटते, आणि तिच्यावर मादी पांढरें मेण पसरून ठेवते. म्हणून ती चक्राकार. रुगोज म्हणजे सुरकुतलेली. कोशावस्थेंतील किडीच्या पाठीवर जें झांकण असतें, त्यावर बारीक सुरकुत्या असतात. त्यावरून हें विशेषण आलें. पूर्ण वाढलेली माशी सुमारें अडीच मिलिमीटर लांब, म्हणजे भाजीपाल्यावरील नेहमींच्या पांढऱ्या माशीच्या जवळजवळ तिप्पट असते, आणि स्वभावानें मोठी आळशी असते. अंड्यांतून निघालेलें पिलूं थोडा वेळ चालतें. मग एका जागीं सोंड रोवून बसतें, तें पंख फुटेपर्यंत तेथून हलत नाहीं. या साऱ्या प्रवासास महिनाभर किंवा थोडा अधिक काळ लागतो. कोरड्या, उष्ण दिवसांत हिची प्रजा झपाट्यानें वाढते. पावसाच्या मोठ्या सरी लागल्या म्हणजे ती घटते.

आतां काळेपणा कोठून येतो तें पाहा. झाडाच्या रसांत साखर पुष्कळ, पण अंग वाढविणारें नत्र थोडें. तें पुरेसें मिळावें म्हणून या किडीस गरजेपेक्षां कितीतरी अधिक रस प्यावा लागतो, आणि जास्तीची साखर ती चिकट थेंबांच्या रूपानें बाहेर टाकते. ते थेंब खालच्या झावळीच्या पाठीवर पडतात आणि त्या साखरेवर काळी बुरशी वाढते. आंब्यावर तुडतुडे पडले म्हणजे पानें अशींच काळीं होतात, हें बागायतदारांस ठाऊक आहे. ही बुरशी पानांत शिरत नाहीं, वरच्यावर राहते. तिचा दोष एवढाच कीं, ती पानावर पडदा टाकून सूर्यप्रकाश अडविते. पानाचें अन्न शिजतें तें सूर्यप्रकाशावर. तेव्हां चूल मंदावते आणि माड थोडा अशक्त होतो. परंतु निरोगी माडाच्या माथ्यावर तीस-पस्तीस झावळ्या असतात. वर्षास सुमारें बारा नव्या येतात आणि तितक्याच जुन्या गळून पडतात. माशीचा ओढा खालच्या जून झावळ्यांकडे असतो. शेंड्याच्या कोवळ्या झावळ्या बहुधा स्वच्छ राहतात. म्हणजे माड आपला काळा झालेला अंगरखा महिन्या-महिन्यानें स्वतःच उतरवीत असतो.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. माडाचे जिवावर उठणारे वैरी निराळे आहेत. गेंड्या भुंगा शेंड्यांतील कोवळा कोंब पोंखरतो. त्याची खूण म्हणजे नवी झावळी उलगडल्यावर ती कात्रीनें तिरपी कापल्यासारखी दिसते. तो शेणखताच्या खड्ड्यांत वाढतो. दुसरा सोंड्या भुंगा. त्याच्या अळ्या खोडाच्या आंत राहून माड पोकळ करतात, आणि खोडावरील भोकांतून तांबूस चिकट रस गळतो. या दोघांविरुद्ध तांतडीनें उपाय करावा लागतो. पांढऱ्या माशीनें काळा झालेला माड पाहून घाबरणें आणि सोंड्यानें पोंखरलेला माड हिरवा दिसतो म्हणून निर्धास्त राहणें, हा उलटा न्याय होय.

ही पांढरी माशी आपल्याकडची नव्हे. मध्य अमेरिकेंतील बेलीझ या लहानशा देशांतील नमुन्यांवरून २००४ सालीं तिचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालें. २००९ सालीं ती अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यांत मायामीच्या परिसरांत आढळली. आपल्या देशांत ती २०१६ सालीं तामिळनाडूंतील पोल्लाची व लगतच्या केरळांतील पालघाट या बाजूस प्रथम नजरेस आली, आणि पुढील कांहीं वर्षांत कर्नाटक, आंध्र, गोवा अशी पसरत आमच्या कोंकणपट्टींत येऊन पोहोंचली. इतकी आळशी कीड इतका दूरचा प्रवास आपल्या पंखांनीं करीत नाहीं, हें उघड आहे. ती माणसाच्या हातून प्रवास करते. रोपांवर, पानांवर, कुंड्यांत, गाड्यांत बसून.

आमचें खारेपाटण हें शुक नदीच्या कांठचें जुनें व्यापारी ठाणें. येथें सांपडलेल्या शके ९३० च्या, म्हणजे इसवी सन १००८ च्या ताम्रपटांत शिलाहार राजा रट्टराज यानें परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागें सोन्याचा एक गद्याण देवस्थानाच्या खर्चासाठीं नेमून दिला आहे. गलबत मोजतां येतें, त्यावर कर बसवितां येतो. पण पानाच्या पाठीवरील अंड्यांचा वेढा कोणत्या नाक्यावर मोजणार? तरी सरकारनें प्रयत्न केला नाहीं असें नाहीं. १९१४ सालीं हिंदुस्थानांत उपद्रवी कीटकांस अटकाव करणारा कायदा झाला, आणि त्याच कायद्याच्या आधारें २००३ सालीं परदेशी रोपांच्या तपासणीचा सविस्तर आदेश निघाला. कायद्याचा पहारा बंदरावर व विमानतळावर असतो. एकदां कीड देशांत शिरली, कीं पुढील पहारा तुमच्या-आमच्याकडेच येतो.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, जी कीड आपल्या मायदेशांत फारशी कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं, ती परक्या मुलखांत एवढी माजते कां? कारण तेथें तिला खाणारे तिचे जन्माचे वैरी असतात. प्रवासांत ती एकटी येते; वैरी मागें राहतात. नव्या देशांत अन्न भरपूर आणि धाक कोणाचाच नाहीं, अशी तिची स्थिति होते. अशा वेळीं माणसानें काय करावें आणि काय करूं नये, हें शिकविणारीं दोन उदाहरणें सांगतों. पहिलें दूरचें आहे, दुसरें आपल्या देशांतलें.

युरोप-अमेरिकेंत ओक नांवाचा वृक्ष आहे. लांकडासाठीं व सांवलीसाठीं त्याचा तेथें मोठा मान आहे. सुमारें १८६९ सालीं त्रुवेलो नांवाच्या एका फ्रेंच चित्रकारानें रेशमाच्या प्रयोगांसाठीं युरोपांतून जिप्सी नांवाचा पतंग बॉस्टनजवळील मेडफर्ड गांवीं आणला. कांहीं किडे निसटले. वीस वर्षें त्यांचें विशेष कांहीं जाणवलें नाहीं. पण १८८९ सालीं सुरवंटांचा असा लोंढा आला कीं, झाडें उघडीं-बोडकीं झालीं आणि घरांच्या भिंती सुरवंटांनीं भरून गेल्या. ओकचीं पानें हें त्यांचें आवडतें खाद्य. मग विषाचा मारा सुरू झाला. शिसें आणि सोमल यांच्या संयोगाचें विष मुळांत याच पतंगासाठीं फवारण्यांत आणलें गेलें; पुढें १९५७ च्या सुमारास विमानांतून लाखों एकरांवर डीडीटी सोडण्यांत आली. मध्यंतरीं १९०६ सालीं त्याच्यावर सोडण्यासाठीं एक परोपजीवी माशी आणली, तर तिनें तेथील मूळच्या सुंदर रेशीम-पतंगांचाच फडशा पाडला. जिप्सी पतंग मात्र आजही तेथें आहे, आणि मेडफर्डपासून शेकडों मैल पसरला आहे. घाईनें मारलेलें विष आणि घाईनें आणलेला मित्र, दोन्ही महाग पडले.

दुसरें उदाहरण पपईचें. २००८ सालीं कोइमतूर येथें पपईवर एक परदेशी पिठ्या ढेकूण दिसला. पाहतां पाहतां तो पपई, तुती अशा अनेक झाडांवर पसरला आणि आपल्या पुणें भागापर्यंत आला. शेतकऱ्यांनीं फवारे मारले. मेणाच्या आवरणाखालीं ढेकूण सुरक्षित राहिले. अखेर २०१० सालीं पोर्टो रिको बेटावरून त्या ढेकणाचे नैसर्गिक वैरी असलेल्या, चिमुकल्या गांधीलमाशीसारख्या तीन जाती बंगलोरास आणण्यांत आल्या. त्या दुसऱ्या कोणास त्रास देत नाहींत याची प्रथम खात्री करून घेतली, आणि मगच सोडल्या. त्यांपैकीं एका जातीनें तर असें काम केलें कीं, थोड्याच काळांत पपईचे मळे पुन्हां उभे राहिले. ज्यांच्या बागांतून विषाची फवारणी थांबली होती, तेथें हें काम विनाअडथळा झालें.

माडाच्या बाबतींत आपलें दैव त्याहून चांगलें. कारण येथें मित्र आणावाही लागला नाहीं. आपल्या या पांढऱ्या माशीची एक चुलत बहीण १९९३ सालींच केरळांत येऊन पोहोंचली होती. तिच्या मागावर एन्कार्सिया ग्वाडेलूपी नांवाची एक लहानशी गांधीलमाशी आपोआप आली, आणि त्या शतकाच्या अखेरीस लक्षद्वीप बेटांत ती आढळली. कोणी तिला बोलाविलें नव्हतें. पुढें २०१६ सालीं नवी माशी येतांच हीच एन्कार्सिया तिच्यावरही तुटून पडली. गांधीलमाशी म्हटल्यावर कोणी दचकूं नये. ही एक मिलिमीटरही लांब नसते आणि माणसास डंख करीत नाहीं. ती पांढऱ्या माशीच्या पिलांत आपलें अंडें घालते. त्यांतून निघालेली अळी त्या पिलास आंतून खाते, आणि पूर्ण वाढ झाल्यावर नवी एन्कार्सिया पाठीस भोक पाडून उडून जाते. केरळांत कासरगोड येथें केंद्रीय रोपण-पीक संशोधन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांना असें आढळलें कीं, जेथें विष मारलेलें नाहीं अशा बागांत कांहीं काळानें दहा पिलांपैकीं सहा ते आठ पिलें या मित्रानें टिपलेलीं असतात.

हें आपणांस घरच्या घरीं पाहतां येतें. काळ्या झावळीची एक पात तोडून ती उलटी करावी व भिंगाखालीं धरावी. रिकाम्या पडलेल्या कोशांकडे नीट पाहावें. ज्यांतून पांढरी माशी निघून गेली, त्यांच्या पाठीवर इंग्रजी "टी" अक्षरासारखी फट असते. ज्यांतून एन्कार्सिया निघाली, त्यांवर सुईनें टोंचल्यासारखें स्वच्छ वाटोळें भोक असतें. वाटोळीं भोकें अधिक दिसलीं, तर आपल्या बागेंत रखवालदार कामावर हजर आहे असें समजावें. मुलांना भूगोल व शास्त्र यांचा हा असा धडा कोणत्याही पुस्तकांत मिळणार नाहीं.

आतां अशा बागेंत विष मारल्यास काय होतें? माड चाळीस-पन्नास फूट उंच. माशी पानाच्या खालच्या अंगास आणि तीही मेणाच्या पांघरुणांत. फवारा तिच्यापर्यंत अर्धामुर्धा पोहोंचतो. उघड्यावर हिंडणारी एन्कार्सिया मात्र पहिल्याच दिवशीं मरते. महिन्याभरांत उरलेल्या अंड्यांतून माशीची नवी पिढी उभी राहते, आणि तिला आवरणारें कोणी नसतें. मग मालक म्हणतो, "औषध कमी पडलें, आणखी मारा." याशिवाय त्या माडाखालीं आपली विहीर असते, गोठा असतो, पोयीवर मधमाश्या येत असतात, आणि त्याच माडाचें शहाळें आपण आजारी माणसास पाजतों. मुंबईंत बसून फोनवरून "कांहींतरी जालीम मारून टाका" असें सांगणाऱ्यानें या साऱ्यांचा विचार एकदां करावा. फवारणारा गडी तें विष आपल्या अंगावर घेऊन घरीं जातो, हेंही विसरूं नये.

मग हात जोडून बसावें काय? नाहीं. करण्यासारखें पुष्कळ आहे, आणि तें सारें स्वस्त आहे. पहिलें म्हणजे पाणी. कोरड्या दिवसांत पंपाच्या नळीनें खालच्या झावळ्यांच्या पाठीवर जोरानें पाणी मारावें. माशा व पिलें धुवून जातात. दुसरें, पिवळ्या रंगाकडे या माशीस ओढ असते. म्हणून पिवळ्या पत्र्यास किंवा कागदास एरंडेल फांसून तो माडांमध्यें टांगावा. तिसरें, काजळी फार धरली असेल तर एक लिटर पाण्यास दहा ग्रॅम या प्रमाणांत पिठाची पातळ खळ करून पानांवर शिंपडावी. ती वाळतांना काजळीचे पोपडे सुटतात. चौथें, लहान, हातास येणाऱ्या माडांवर उपद्रव फारच वाढला, तर लिटरमागें पांच मिलिलिटर निंबेल तेल थोड्या साबणाच्या पाण्यांत घुसळून मारावें. त्यापलीकडे जाऊं नये. पांचवें, ज्या पातींवर वाटोळ्या भोकांचे कोश विपुल आहेत, तिचे तुकडे नव्यानें कीड पडलेल्या माडास नेऊन बांधावे, म्हणजे रखवालदार तेथें पोहोंचतो. आणि शेवटचें, माडास वेळेवर खत-पाणी द्यावें. अशक्त शरीरास लहान आजारही भारी पडतो, हें माडासही लागू आहे. शंका आली तर रत्नागिरीजवळ भाट्ये येथें दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाचें नारळ संशोधन केंद्र आहे, तेथें विचारावें.

एक गोष्ट मात्र शहरांत राहणाऱ्या श्रोत्यांनींच करण्यासारखी आहे. गांवाहून परततांना गाडींत नारळाचें रोप, केळीचा कोंब, कर्दळीची कुंडी, पेरूची फांदी घालण्याची आपली प्रेमळ रीत आहे. तशीच मुंबईच्या रोपवाटिकेंतून शोभेचे माड आणून गांवच्या अंगणांत लावण्याचीही आहे. हीं सारीं झाडें या माशीस चालतात. आमच्या खारेपाटणावरून जाणाऱ्या मुंबई-गोवा हमरस्त्यानें अशीं किती रोपें दररोज इकडून तिकडे जात असतील, याची गणना नाहीं. रोप नेऊं नये असें मी म्हणत नाहीं. गाडींत ठेवण्यापूर्वीं प्रत्येक पान उलटून पाहावें. पांढरा मेणकट वेढा दिसला तर तें पान तेथेंच काढून साबणाच्या पाण्यांत बुडवावें, आणि फार असतील तर रोप मागेंच ठेवावें. दोन मिनिटांचें काम आहे. बेलीझपासून पोल्लाचीपर्यंत कोणी तरी हीं दोन मिनिटें वांचविलीं, म्हणून ही माशी आज आपल्या दारांत आहे.

माड हें सावकाशीनें चालणारें झाड आहे. पोय फुटल्यापासून नारळ पिकून उतरवावयास वर्ष लागतें, आणि आजोबांनीं लावलेला माड नातवास फळ देतो. त्याचें दुखणें आणि बरें होणें हेंही त्याच चालीनें होतें. पुढील खेपेस गांवीं गेलांत आणि माड काळा दिसला, तर कुऱ्हाड अथवा फवारा मागविण्यापूर्वीं एक पात उलटून पाहा, भोकें वाटोळीं आहेत कां तें मोजा, आणि एक पावसाळा जाऊं द्या.